बावीस सेकंदांच्या पुढचं पद

मागच्या पौषातली गोष्ट. रविवार होता, छापखान्याला सुट्टी होती. बेळगावच्या वडगावातल्या आमच्या घराच्या कट्ट्यावर पुतण्या फोन घेऊन बसला होता आणि त्याच्या शेजारी आई सुपात वरण्याच्या शेंगा सोलत होती. मागच्या गल्लीत मागांची खटखट चालू होती. त्याच्या फोनमधून दर दहा-पंधरा सेकंदांनी वेगळा आवाज येई. आई त्या आवाजांकडं कधी लक्ष देत नाही. रस्त्यावरून भाजीवाल्याचा भोंगा जावा तसे ते तिच्या कानांवरून जातात. तेवढ्यात एका बाईचा आवाज आला. खाली कुणीतरी ढोलाचा ठेका बसवला होता आणि आवाजही जरा घाईत पळवलेला वाटत होता. पडद्यावर चुलीचा जाळ आणि ज्वारीची भाकरी थापणारे दोन हात. सगळं मिळून बावीस सेकंद. आईच्या चिमटीतली शेंग तशीच राहिली. व्हिडिओ संपला आणि आपोआप पहिल्यापासून लागला. या खेपेला आईचे ओठ हलले. तिसऱ्या खेपेला तिचा आवाज बाहेर आला, बारीक आणि थोडा कापरा. बावीस सेकंद झाले, फोनमधली बाई पुन्हा पहिल्या ओळीवर गेली; आई मात्र पुढं गेली. पुढची ओळ, त्याच्या पुढची ओळ. पुतण्या कधी फोनकडं, कधी तिच्याकडं बघत राहिला आणि सवयीनं त्याचा अंगठा वर सरकला. व्हिडिओ गेला.

"लाव की परत," आई म्हणाली.

तो शोधत राहिला. वर गेला, खाली गेला, बंद करून परत उघडलं. ज्यांच्या घरात फोन आहे त्या सगळ्यांना हे ठाऊक आहे. एकदा पान नव्यानं भरलं की मघाचा व्हिडिओ हाती लागत नाही. "आजी, तुला कसं काय येतंय गं हे गाणं?" त्यानं विचारलं. आई म्हणाली, "गाणं कुठलं? आमच्या आजीचं पद ते." आणि तिनं पुढची शेंग उचलली.

मी दारात उभा होतो. मला त्या रात्री झोप लागली नाही, कारण ते पद कानडी होतं. आई कानडी बोलत नाही. बाजारात "एष्टु?" विचारण्यापुरतं, बसच्या कंडक्टरशी दोन शब्दांपुरतं, एवढंच. तिचं माहेर संकेश्वराकडचं, घर मराठी, शाळा चौथीपर्यंत मराठी. पन्नास वर्षं मी तिच्या तोंडून आरत्या ऐकल्या, जात्यावरच्या ओव्या ऐकल्या, श्रावणातल्या कहाण्या ऐकल्या. कानडीतली एक ओळ कधी ऐकली नव्हती. आणि आज तिनं सहा-सात ओळी एका दमात म्हटल्या होत्या, कुठंही न अडखळता.

आमच्याकडं भाषेचं काय होतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. मी स्वतः एक नोव्हेंबरच्या, सीमाभागातल्या मराठी माणसांच्या काळ्या दिनाच्या फेऱ्यांत तरुणपणी चाललो आहे, आणि मराठी माणसाला त्याच्या भाषेत कागद मिळावा याबद्दल माझं मत आजही तेच आहे. पण माझा धंदा लग्नपत्रिका छापण्याचा. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कानडी, असं मॅटर आठवड्यात चार तरी येतं. दोन्हीकडची नावं, दोन्हीकडचे मामा, दोन्हीकडची कुलदैवतं. मी कानडी अक्षर वाचतो, प्रूफ तपासतो, काना-मात्रा चुकली तर ओळखतो. इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या घरातल्या दोन भाषा शेजारी-शेजारी छापतो आहे. माझ्या घरात एक कानडी पद साठ-सत्तर वर्षं गप्प बसून होतं, याची मला गंधवार्ताही नव्हती. त्याचं वाईट वाटलं, आणि कुठंतरी खोल आनंदही झाला. दोन्ही एकदमच.

दुसऱ्या दिवशी मी आईला फोनसमोर बसवून पद म्हणायला लावलं. गाणं ओळखणारं ॲप लावलं. पडद्यावर वर्तुळं फुगत राहिली आणि शेवटी काही सापडलं नाही असं उत्तर आलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी त्यानं कुठल्याशा भलत्याच भाषेतलं गाणं दाखवलं. आई म्हणाली, "त्याला काय ठावं असणार? तो काय आमच्या घरचा हाय?" तिनं ते रागानं म्हटलं नव्हतं, सहज म्हटलं होतं. मला ते वाक्य दिवसभर पुरलं.

लहानपणी मला हे काम करून देणारा एक माणूस होता. खडेबाजाराकडं कॅसेटचं एक लहानसं दुकान होतं, काउंटर माझ्या हनुवटीपर्यंत यायचा. खानापूरकडून येताना वडापमध्ये एक गाणं ऐकलं होतं, त्याचे शब्द आठवत नव्हते, चाल तेवढी डोक्यात घुमत होती. चार दिवस ती चाल सांडू नये म्हणून मी कुणाशी धड बोललोसुद्धा नाही. मग एकदाचा काउंटरपाशी उभा राहून गुणगुणलो. दुकानदार डोळे मिटून, मान खाली घालून ऐकत राहिला. मग त्यानं तीन प्रश्न विचारले. बाईचा आवाज की बाप्याचा? सुरुवातीला काय वाजतं, बासरी की पेटी? आणि तिसरा प्रश्न, कुठं ऐकलंस? तो तिसरा प्रश्न मला तेव्हा निरर्थक वाटला होता. पण त्याला वाटेवरून अंदाज यायचा. सौंदत्तीच्या वाटेवर ऐकलं असेल तर यल्लम्माच्या कॅसेटी काढायचा, कोल्हापूरच्या गाडीत ऐकलं असेल तर मराठी, हुबळीच्या गाडीत ऐकलं असेल तर शरण-दासांची पदं. गाणं वाऱ्यावरून येत नाही, कुठल्या तरी गाडीतून येतं, हे त्याला पक्कं माहीत होतं. त्यानं मागच्या फळीवरून एक कॅसेट काढली, पेन्सिल घालून फीत थोडी पुढं फिरवली आणि लावली. तेच गाणं होतं. त्या क्षणी छातीत जे झालं ते मला आजही आठवतं. हरवलेली वस्तू सापडल्यासारखं नव्हे. आपण वेडे नव्हतो, ते गाणं खरंच होतं, असं काहीतरी.

आज हे काम यंत्र करतं, आणि ते कसं करतं हे मला जाणून घ्यायचं होतं. २००२ साली इंग्लंडमध्ये शझाम सुरू झालं तेव्हा फोनवर २५८० हा आकडा लावायचा, फोन गाण्यापुढं धरायचा, आणि गाण्याचं नाव मेसेजनं यायचं. त्यामागची रीत अ‍ॅव्हरी वांग यांनी २००३ मध्ये लिहून प्रसिद्ध केली. ती वाचताना मला माझ्या टेबलावरचं भिंग आठवलं. छापलेला फोटो भिंगाखाली धरला की चेहरा दिसत नाही, ठिपके दिसतात. कुठं दाट, कुठं विरळ. यंत्रही गाण्याकडं तसंच बघतं. शब्द नाही, राग नाही, भाव नाही. कोणत्या क्षणी कोणता स्वर सगळ्यांत जोरात आहे त्याचे ठिपके तेवढे ते ठेवतं, आभाळातल्या चांदण्यांसारखे, आणि बाकीचं सोडून देतं. मग दोन-दोन ठिपक्यांच्या जोड्या, त्यांच्यामधलं वेळेचं अंतर, आणि त्याचा एक आकडा. असे हजारो आकडे म्हणजे त्या गाण्याचा ठसा. तुमच्या फोननं बसस्टँडच्या गोंगाटात चार-पाच सेकंद ऐकलं तरी त्यातले काही ठिपके गोंगाटाच्या वर डोकं काढून असतात. ते साठवलेल्या ठशावर सरकवत न्यायचे आणि कुठं सगळे एकदम बसतात ते बघायचं. आमच्याकडं चार रंगांच्या चार प्लेटा असतात आणि कडेच्या खुणा एकमेकींवर बसल्या की आम्ही म्हणतो, रजिस्टर जुळलं. हे तेच आहे. जुळलं तर जुळलं. केसभर सरकलं तर चेहऱ्याला दोन नाकं दिसतात.

यातून मला एक गोष्ट कळली. हे यंत्र गाणं ओळखत नाही, रेकॉर्डिंग ओळखतं. तेच गाणं दुसऱ्या कुणी म्हटलं तर त्याच्या लेखी ते दुसरंच. आणि रीलवाले बरेच जण आवाज पळवतात, नाहीतर लांबवतात, खाली ठेका घालतात. त्यात स्वर वर-खाली होतात आणि ठिपके जागा सोडतात. प्लेट ताणल्यावर रजिस्टर कसं जुळणार? चालीवरून गाणं शोधायची दुसरी रीत आहे. गूगलनं २०२० च्या ऑक्टोबरात ती आणली, दहा-पंधरा सेकंद गुणगुणायचं. तिथं आवाज कुणाचा, वाद्य कुठलं हे सगळं गाळून चालीची चढ-उतार तेवढी आकड्यांत मांडतात. ती मला आईच्या पदासाठी जवळची वाटली. पण चाल जुळवायची ती कशाशी? कुणीतरी, कधीतरी, ते पद नावानिशी तिथं ठेवलेलं असायला हवं. आमच्या प्रेसमध्ये ब्लॉकच नसेल तर मी काय छापणार?

बुधवारी तो व्हिडिओ परत सापडला. पुतण्याच्या वर्गातल्या एका मुलानं स्टेटसला ठेवला होता. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, ओरिजिनल ऑडिओ. त्यावर दाबलं तर त्याच आवाजावर बनवलेले आणखी कितीतरी व्हिडिओ उघडले. कुणाचा नवा ट्रॅक्टर, हार घालून. कुणाची बैलजोडी, शिंगांना रंग लावलेली. एका नवरीची तयारी, केसांत आबोलीचा गजरा. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत कारखान्याकडं चाललेला एक चालक, आणि त्याच्या डोक्याच्या मागं खोलीएवढे स्पीकर. हिवाळ्यात आमच्या रस्त्यांवर ही ट्रॅक्टरं दिसण्याआधी ऐकू येतात. आईच्या आजीचं पद त्या स्पीकरांवर वाजत हुक्केरीहून घटप्रभेकडं चाललं होतं. आणि जवळजवळ प्रत्येकाच्या खाली कुणीतरी विचारलं होतं, कानडीत, मराठीत, हिंदीत: गाण्याचं नाव काय? कुणी गायलंय? त्या विचारणाऱ्यांबद्दल मला एकदम माया वाटली. या सगळ्यांना चार दिवस कुणाशी धड बोलवत नसणार. उत्तर कुणीच दिलं नव्हतं.

मी मागं मागं जात सगळ्यांत आधीच्या व्हिडिओपर्यंत पोचलो. कडक भाकरी आणि शेंगाचटणी विकणाऱ्या एका घरगुती धंद्याचा तो होता. मी माझ्या मोडक्यातोडक्या कानडीत निरोप टाकला की ही बाई कोण आहे, पद कुठलं आहे, माझ्या आईला ते येतं. दोन दिवसांनी उत्तर आलं, "नमगू गोत्तिल्ल री." आम्हालाही माहीत नाही. कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलं होतं, आवडलं, लावलं. त्यांनी पुढं आपणहून लिहिलं की सापडलं तर आम्हालाही कळवा. म्हणजे ज्याला ओरिजिनल म्हटलं होतं त्याच्या आधीही कुणीतरी होतं. एक बाई कुठल्याशा पडवीत बसून गायली, कुणी नातवानं ते टिपलं, आणि तिथून ते सुटलं. बाईचं नाव मागं राहिलं.

हे नाव मागं राहणं मला फार लागलं. नावं बरोबर छापणं हेच माझं काम असल्यामुळं लागलं असेल. पण विचार करताना लक्षात आलं की आमच्या या मुलखात गाणी स्वतःचं नाव स्वतःबरोबर घेऊन फिरायची. अभंग संपताना तुका म्हणे येतं, जनी म्हणे येतं, एका जनार्दनी येतं. पलीकडच्या भाषेतही तेच. बसवण्णांचं वचन कूडलसंगमदेवावर येऊन थांबतं, अक्कमहादेवींचं चेन्नमल्लिकार्जुनावर, पुरंदरदासांचं पद पुरंदरविठ्ठलावर. आपण नाममुद्रा म्हणतो, ते अंकित म्हणतात. शाहीरही शेवटच्या चौकात आपलं नाव ओवून जायचे. कागद नव्हता, छापखाना नव्हता, गाणं तोंडातून तोंडात जाणार, मग गाणाऱ्याला नाव गाळताच येणार नाही अशी ते कडी घालून ठेवायचे. नाव गाळलं तर चालच अपुरी राहते. त्यातही गडबड झाली. तुका म्हणे लावून दुसऱ्यांनीही अभंग रचले. पण नाव लावलं ते आदरानं, आपलं झाकून त्यांचं लावलं. संगीत नाटकांची जुनी पुस्तकं मी पाहिली आहेत, एकदोन आमच्या छापखान्यात धूळ खात पडली होती. प्रत्येक पदाच्या डोक्यावर राग, ताल आणि कंसात चाल कुठल्या गाण्याची आहे ते छापलेलं. चाल उसनी घेतली असेल तर तसं सांगायचं, अशी ती रीत. १८८० साली पुण्यात संगीत नाटकाला उभं करणारे अण्णासाहेब किर्लोस्कर आमच्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, हे मला त्या धुळीच्या पुस्तकांमुळं जास्त जवळचं वाटतं.

ध्वनिमुद्रण पहिल्यांदा आपल्या देशात आलं तेव्हाही हा प्रश्न आला होता. १९०२ च्या नोव्हेंबरात कोलकात्याला गौहर जान गायल्या. तीन मिनिटांच्या तबकडीत अख्खं गाणं बसवायचं आणि शेवटी मोठ्यानं म्हणायचं, "माय नेम इज गौहर जान." तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात, तिथल्या माणसाला लेबलावर नाव कुणाचं लिहायचं ते कळावं म्हणून ही सोय. शंभराहून जास्त वर्षांनी ती तबकडी ऐकताना गाण्याइतकंच ते शेवटचं वाक्य अंगावर काटा आणतं. एका बाईनं आपलं नाव पुसू दिलं नाही.

आणि आता रीलचे बावीस सेकंद. लोक गाण्यातला सगळ्यांत गोड, सगळ्यांत उसळता तुकडा उचलतात, ध्रुवपदाचा. नाव असतं शेवटच्या कडव्यात. नेमकं तेच कापलं जातं.

आईची आजी घटप्रभेच्या काठची. हे मला आईनं त्या आठवड्यात सांगितलं, तेही तुकड्या-तुकड्यानं. एकदा भाकरी थापताना, एकदा वाती वळताना, एकदा मी औषध द्यायला गेलो तेव्हा. आजी लग्न होऊन मराठी घरात आली तेव्हा तेरा-चौदा वर्षांची असेल. घरात कानडी चालत नव्हतं. मारझोड कुणी केली नाही, पण ती काही कानडीत बोलली की जावा हसायच्या. मग तिनं बोलणं बंद केलं आणि चांगली मराठी शिकली, नंतर कुणाला सांगूनही खरं वाटलं नसतं. फक्त पहाटे जात्यावर बसली की ती कानडीत गायची. जात्यापुढं कुणी हसत नसे. सगळे झोपलेले असत. आई तिच्या मांडीला टेकून बसायची, खुंट्याला हात लावायची आणि तिच्याबरोबर म्हणायची. अर्थ? "अर्थ कोण इचारतंय? ती म्हणायची, आम्ही म्हणायचो." गिरणी आली, जातं परड्यात गेलं. आजी त्यानंतर किती वर्षं जगली, ती कधी गायली का, हे आईला आठवत नाही. मी विचारलं तशी ती गप्प झाली. मग म्हणाली, "पीठ गिरणीत जायला लागलं तसं ती पहाटे उठून नुसतीच बसायची."

महाराष्ट्रात गी पॉइटव्हें आणि हेमा राईरकर यांनी गावोगावी फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून जास्त. पारी या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहात त्या आता वाचता-ऐकता येतात, आणि ओवीबरोबर म्हणणारीचं नाव असतं, गाव असतं. एका रात्री मी त्यातल्या ओव्या ऐकत बसलो. आमच्या पदाचा तिथं संबंध नव्हता, ते मराठी ओव्यांचं काम. पण दगडाची घरघर ऐकू आली आणि त्यावर बाईचा आवाज आला तेव्हा आई आतल्या खोलीतून उठून आली. माझ्या शेजारी बसली. तिचा उजवा हात मांडीवर हळूहळू गोल फिरत होता. तिचं तिच्या हाताकडं लक्ष नव्हतं.

आमच्या मागच्या गल्लीत एक निवृत्त शिक्षिका राहतात, बैलहोंगलकडच्या, कानडी शाळेत तीस-पस्तीस वर्षं शिकवलेल्या. सगळे त्यांना टीचर म्हणतात. त्यांच्या मुलाची लग्नपत्रिका मी छापली होती, तेवढीच ओळख. शेवटी मी त्यांना घरी बोलावलं. आईनं चहा केला, आणलेला कुंदा बशीत घातला आणि पदाचं नाव काढलं तशी लाजली. "मला नीट येत न्हाई हो, तुम्ही हसशीला." टीचर म्हणाल्या, "हसायचं काय त्यात, अव्वा? म्हणा की तुम्ही." आईनं डोळे मिटले आणि सुरू केलं. पहिल्या दोन ओळी टीचर कपाळाला आठी घालून ऐकत होत्या. शब्द झिजले होते. सत्तर वर्षं अर्थाशिवाय तोंडात घोळल्यावर कोणते शब्द शाबूत राहतील? नंतर त्यांनी सांगितलं की निम्मे शब्द आता धड कानडीही नाहीत आणि मराठीही नाहीत. पण आई शेवटच्या ओळीवर आली, जी ओळ रीलमध्ये नव्हती. तिथं ती म्हणते, "सिसनाळ देशा". टीचरनी कप खाली ठेवला. "परत म्हणा, अव्वा. तेवढंच परत." आईनं म्हटलं. टीचरचे डोळे भरले. "अय्यो, शरीफज्जाचं की हो हे! शिशुनाळधीश! शिशुनाळधीश म्हणायलाय तुम्ही!"

शिशुनाळ शरीफ. १८१९ चा जन्म, १८८९ ला गेले. मुसलमान घरातला मुलगा, ब्राह्मण गोविंदभट्टांना गुरू मानलं, आणि आयुष्यभर रस्त्यातल्या, स्वयंपाकघरातल्या, शेतातल्या वस्तू घेऊन तत्त्वपदं रचली. कर्नाटकात त्यांना प्रेमानं शरीफज्जा म्हणतात, शरीफ आजोबा. आपल्या गावच्या देवाचं नाव, शिशुनाळधीश, हे त्यांचं अंकित. टीचर हे सगळं आईला सांगत होत्या आणि आई ऐकत होती. मधेच ती म्हणाली, "मला वाटायचं सिसनाळ म्हंजे आजीच्या माहेराकडलं गाव आसंल." टीचर म्हणाल्या, "गावच ते, अव्वा! हावेरी जिल्ह्यात." आई माझ्याकडं बघून हसली, बरोबर उत्तर दिलेल्या मुलीसारखी.

पद त्यांच्या रचनांपैकी नेमकं कोणतं, हे टीचरना सांगता आलं नाही. शब्द इतके बदललेत की कदाचित बायकांनी आपल्याच ओळी त्यांच्या नावावर ओवल्या असतील, असंही त्या म्हणाल्या. मला त्याची हळहळ वाटली, अजून वाटते. मी त्यांच्याकडून पदांचं पुस्तक आणलं आहे, रोज दोन-तीन पानं बोटानं अक्षर लावत वाचतो. पण ज्या बाईला कानडी येत नाही तिच्या तोंडात, जिला घरात कानडी बोलू दिलं नाही त्या बाईकडून आलेलं, एका कवीचं नाव दीडशे वर्षांनी पोचलं होतं. मोडलेलं, पण पोचलं. मी त्या रात्री आईला गौहर जानांची गोष्ट सांगितली. कशी गाणं संपल्यावर नाव सांगायची, का सांगायची. तिनं नीट ऐकून घेतलं. "चांगली सवय," म्हणाली.

गेल्या शनिवारी मी तिचा आवाज नीट टिपून घेतला. दारं लावली, पंखा बंद केला, मागवाल्यांची जेवणाची सुट्टी होती ती वेळ साधली. फोन उशीवर ठेवला. आई भिंतीला टेकून बसली, उजवा हात मांडीवर. पद म्हटलं, शिशुनाळापर्यंत. मी बटण दाबायला हात पुढं केला, तर तिनं हातानं थांब म्हणून खूण केली. घसा खाकरला आणि फोनकडं बघत, रेशनच्या रांगेत उभं राहून सांगावं तसं स्पष्ट, आजीचं नाव सांगितलं. आडनावासकट, आधी माहेरचं गाव, मग सासरचं. स्वतःचं सांगितलं नाही.

फोननं त्या फायलीला आपलं आपण एक नाव दिलं होतं, रेकॉर्डिंग १४. मी ते पुसलं आणि आजीचं नाव लिहायला लागलो. नावाच्या शेवटी अडलो. सासरी तिला बाई लावून हाक मारत. आईनं फोनसमोर सांगताना कानडीतलं अव्वा म्हटलं होतं. "बाई लिहू की अव्वा?" मी विचारलं.

आई थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अव्वा लिही. आणि थांब, मधलं एक कडवं ऱ्हायलं."

मी परत लाल बटण दाबलं.